मर्यादेच्या आत

"सरकारी मर्यादेच्या आत आहे ना, बुवा? मग विकायला हरकत काय?"

कौस्तुभ म्हापसेकरने चॉकलेटची वडी पुढे केली. निरंजनबुवांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि ओटीवर ठेवली.

"हरकत आहे असं कोण म्हणालं?"

तसं खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

बुवांचा मठ नदीच्या वर, उतारावरच्या सुपारीच्या बागेत होता. सुपारीखाली कोको लावायला कौस्तुभनेच सांगितलं होतं. खताच्या गोणीही त्यानेच पाठवल्या. तेव्हा तो नुकता चॉकलेटच्या धंद्यात पडला होता. आता त्याच्या वड्या विमानाने परदेशी जात होत्या. यंदा तपासणीत त्यांत शिसं निघालं आणि कॅडमियम हा विषारी धातूही निघाला, तसा त्याला घास गोड लागेना.

"शिशाचं निस्तरलं," तो सांगू लागला. "बिया डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालत होतो. गाड्यांची धूळ ओल्या बियांना चिकटायची. आता उंच माच बांधलेत. वर जाळी, खाली वारा. शिसं जवळजवळ गेलंच."

"चांगलं केलंस."

कौस्तुभ खुलला.

"कॅडमियम मात्र मुळांतून येतं, बुवा. मातीतून. त्या खतातून आलं असावं म्हणतात. चुना घालायचा, कंपोस्ट घालायचं, झाडाखालचा पाला उचलून लांब न्यायचा. हळूहळू उतरतं. पण वर्षं जातात."

"आणि तोवर?"

"तोवर मिसळायचं. तुमच्या उतारावरच्या बिया थोड्या, घाटावरच्या स्वच्छ बिया जास्त. आकडा मर्यादेच्या आत येतो. मठाचं पीकही वाया जात नाही."

शेवटचं वाक्य त्याने जरा सावकाश म्हटलं. बुवांना बरं वाटेल अशी त्याची समजूत होती.

बुवा वडीकडे बघत होते.

"तुझी लेक खाते?"

"मैथिली? वेडी आहे चॉकलेटसाठी."

"हेच?"

कौस्तुभने नजर बागेकडे वळवली.

"घरासाठी… वेगळं काढतो. नुसत्या घाटावरच्या बियांचं. लहान मुलांना जास्त बाधतं म्हणून. उगाच, खबरदारी…"

"हं."

सुपारीची एक झावळी सुटून खाली आपटली.

मग बुवा उठले. कोपऱ्यात मठाच्या वाळलेल्या बियांचं पोतं होतं. वय झालेले, कमरेत वाकलेले, तरी त्यांनी ते ओढत अंगणात आणलं. पालापाचोळ्याच्या खड्ड्याशी नेलं. तोंडाची सुतळी सोडली.

"बुवा! हे काय करताय?"

"ओततो."

"नका!" कौस्तुभने धावत जाऊन पोतं धरलं. "त्यातलं कॅडमियम सगळं परत मातीत उतरेल. पुढच्या वर्षी ह्याच खड्ड्यातलं खत तुम्ही झाडांना घालणार. मग मी एवढं करतोय ते फुकट जाईल!"

बुवांनी हात सोडला.

"म्हणजे मातीत नको."

"नको."

"माणसांत चालेल."

कौस्तुभ पोत्याला तसाच धरून उभा राहिला. त्याचे कान तापले. या माणसासमोर तो वीस वर्षं हात जोडत आला होता. आज पहिल्यांदा त्याला त्यांचा राग आला.

"बोलणं सोपं आहे," तो म्हणाला. "तुमचं पीक घेणं बंद केलं तर मठात दिवा कशावर लावाल? आल्यागेल्याला पेज कुठून घालाल?"

"बंद कर."

"आणि शेजारचे? सावळाराम, ती आनंदीबाई? त्यांनीही माझ्याच शब्दावर कोको लावला. माती त्यांचीही हीच. ते काही संन्यासी नाहीत, बुवा. त्यांना काय सांगू?"

बुवांचे डोळे ओले झाले होते. ते कौस्तुभने पाहिलं आणि त्याला आणखीच चीड आली. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं तर!

पोत्याची सुतळी त्याने पुन्हा बांधली. गाठ घट्ट बसेना. पोतं खांद्यावर घेऊन तो गाडीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत वळला.

"सगळेच कारखाने मिसळतात!"

बुवा खड्ड्याशी उभे होते.

"मी तर तपासून मिसळतो. कायद्यात माझी चूक कुठेच निघत नाही. एकही माणूस मला दोष देणार नाही!"

"म्हणून तर इथं आलास," बुवा म्हणाले.