झेंडूच्या शेंडेखुडीची कहाणी

ऐका वनदेवी, तुमची कहाणी.

नदीकाठी एक नगर होतं. नगरात देवीचं देऊळ होतं. दसऱ्याची माळ माळ्याच्या एका घरानं गुंफायची, पिढीजात मान तो. माळी राजाच्या चाकरीला दूर गेलेला. घरी सासू आणि सून आवडा, दोघीच. आवडेला एक लेक झाली, महिन्याची होऊन देवाघरी गेली. तेव्हापासून उगवलेलं काही तिच्यानं उपटवेना.

आषाढात झेंडू पेरला. रोपं उगवली, केसांसारखी दाट. सासू म्हणाली, "आवडे, विरळणी कर. हातभर अंतर ठेव." सून म्हणाली, "करते हो, आत्याबाई." पहिल्या दिवशी गेली, पाणी घालून आली. दुसऱ्या दिवशी गेली, गवत काढून आली. तिसऱ्या दिवशी गेली, दोन रोपं उपटली आणि सासूची पाठ वळताच परत लावली. सासूनं कपाळाला हात लावला. "अगं, किती वेळा सांगू? तोंड दुखलं माझं!"

दसरा आला. झाडं काडीसारखी वाढली, एकमेकांवर पडली. फुलं आली ती बोराएवढी. पुजाऱ्यानं टोपली परत पाठवली. म्हणाला, "पुढल्या वर्षी अशीच आणलीत, तर मान दुसऱ्या घरी जाईल." सासू संतापली, संतापून रडली.

पुन्हा आषाढ आला. पुन्हा दाट रोपं, पुन्हा आवडा हात बांधून उभी. मग वनदेवीला दया आली नाही, रागच आला. म्हातारीचं रूप घेतलं, कुंपणाशी आली. "माळणी, काय मांडलंयस हे? सगळ्या रोपांना उपाशी ठेवतेस?"

"आजी, जिवंत रोप कसं उपटू? माझी एक गेली."

म्हातारी कुंपण ओलांडून जवळ आली. मग म्हणाली, "ती गेली, बाई. ही रोपं तुझ्या डोळ्यांदेखत चाललीत, ती बघ."

"मग मी काय करू?"

"वसा घे. काढशील ते रोप मातीसकट काढ, फुलाविना घर असेल तिथं दे. उरलेलं वीतभर झालं की शेंडा खुड. रडू आलं तर रड, पण खुड!"

आवडेनं वसा घेतला. एक टोपली कुंभारणीला दिली, एक कोळणीला दिली, एक वेशीजवळच्या एकट्या विधवेला दिली. मग रोपं वीतभर झाली. आवडा रडली, रडत रडत शेंडे खुडले. खुडल्या जागी दोन फांद्या फुटल्या, दोनांच्या चार झाल्या. दसऱ्याला एकेक फूल ओंजळभर. माळ देवीच्या गळ्यातून पायांपर्यंत पोचली. मान घरात राहिला.

सासूनं माळ पाहिली. डोळे पुसले आणि खेकसली, "एवढंच होतं, तर वर्षभर माझा घसा का कोरडा केलास गं?" आवडा हसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच हसली.

जशी वनदेवी आवडेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, आणि सांगितलेलं एकदाच ऐकायची बुद्धी देवो. साठा बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीच्या अंगणी फुलाफळाला येवो.