ठासणीच्या बंदुकीची पाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती नुसती ऐकलीच असेल. डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या बाजारात शिरताना एक लांबच लांब भिंत लागायची. ज्याला काही विकायचं असेल त्याने लाकडी पाटीवर वस्तू, तिचे गुण आणि किंमत लिहायची आणि पाटी भिंतीला टांगायची. विकणारा घरी, घेणारा भिंतीपाशी. समोरासमोर यायला नको, त्यामुळे लाजायलाही नको. वस्तू विकली गेली की पाटी उतरायची. एवढाच नियम.

त्या गावात एका घरी नवी सून आली. बोलायची कमी, पण डोळे सगळीकडे असायचे. महिनाभरात तिला कळून चुकलं की सासूबाईंना तिची भाकरी जाड वाटते, तिचं पाणी शेंदणं हळू वाटतं आणि तिचा आवाज तर ऐकूच येत नाही. कौतुक करावं असं तिच्यात एकच निघालं, ते म्हणजे अक्षर.

सासऱ्यांच्या माळ्यावर एक ठासणीची बंदूक पडून होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची, मग कुठे बार निघायचा. सासऱ्यांनी ती विकायला काढली. लोहाराने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "तीन होन. नळी धड आहे म्हणून तीन."

सासऱ्यांना ते झोंबलं. भिंतीवर अशाच बंदुकांच्या आठ-दहा पाट्या होत्या. त्या बघायला त्यांनी सुनेला पाठवलं.

"मामंजी, वीस, बावीस, पंचवीस असे आकडे आहेत," ती येऊन म्हणाली.

"बघा! आणि तो लोहार मला तीन सांगतो. सूनबाई, आपली तीस लिही. आणि जरा बरं लिही काहीतरी."

सूनबाईने बरं लिहिलं. बंदूक आयुष्यात फक्त लग्नाच्या वरातींत वाजली होती. तिने लिहिलं, 'राजाच्या शिकारीत गर्जलेली'. दस्ता वाळवीने खाल्ला होता. तिने लिहिलं, 'दस्त्यावर काळाची नक्षी'. सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "हात आहे हो पोरीला!"

सासरी आल्यापासूनचं ते पहिलं कौतुक. सुनेला ते दिवसभर पुरलं.

पुढच्या बाजारी तेल्याने आपली पाटी पुसून पस्तीस केली, कारण सासऱ्यांची तीस होती. सोनाराने चाळीस केली, कारण तेल्याची पस्तीस होती. सासऱ्यांनी पंचेचाळीस लिहायला लावली. आकडे असे चढत गेले. बंदुका मात्र आपापल्या माळ्यावरच राहिल्या.

भिंतीची राखण एक म्हातारी करायची. तिने सुनेला हटकलं, "काय गं, हे पंचेचाळीस कुठून आणलेस?"

"बाकीच्या पाट्या बघून, आजी."

"अगं, विकल्या गेलेल्याची पाटी मी उतरवते. भिंतीवर उरते ती न विकलेली. मागल्या महिन्यात दोन बंदुका गेल्या. एक तीनला, एक साडेतीनला. त्या दिसतात का तुला कुठे?"

सुनेला तेव्हा उमगलं. गावातले सगळे शहाणे ज्या भिंतीवरून भाव शिकत होते, त्या भिंतीवर फक्त कोणी न दिलेलेच भाव होते! घरी जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे मामंजींना 'तुम्ही चुकलात' म्हणायचं, आणि आपलं देखणं लिखाण आपल्याच हाताने पुसायचं. नवी सून गप्प राहिली तर लोक त्याला गुण म्हणतात. तिने तो गुण वापरला.

मग एक दिवस डोंगरावरच्या वाडीचा म्हातारा राखणदार भिंतीपाशी आला. नदी वर फुगली की तो बंदुकीचे दोन बार काढायचा. ते ऐकून खालचं गाव नदीतल्या बेटावर चरणारी गुरं अलीकडे आणायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं.

"लेकी, मला वाचता येत नाही," तो सुनेला म्हणाला. "ठासणीची बंदूक कुठे आहे का बघ. ही पाटी मोठी देखणी दिसते. हीच वाच की."

त्याचं बोट तिच्याच पाटीवर होतं.

तिने वाचलं. जे लिहिताना गोड वाटलं होतं ते मोठ्याने वाचताना तिने भराभर उरकलं. 'राजाच्या शिकारीत' ऐकल्यावर म्हाताऱ्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"आणि किंमत?"

"पंचेचाळीस होन."

म्हाताऱ्याने कनवटीची गाठ सोडली. आत पाच होन होते. "सात घरांतून गोळा केलेत. आमची बंदूक फुटली, लेकी. दारू जास्त भरली, चूक माझीच. आता खालच्या गावाला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, गुपचूप दुसरी न्यावी. आम्हाला काय, नुसता आवाज निघाला की झालं. पण अशी बंदूक पाच होनांना मागायची म्हणजे तिचा अपमान. बाकीच्या कशा आहेत?"

"त्याही... चाळिसाच्या आसपास."

तीन शब्द पुरले असते: 'ही आमचीच. चला.' लोहाराने सांगितलं त्यापेक्षा दोन होन जास्तच मिळाले असते. पण मग त्याने विचारलं असतं, हे शिकारीचं कोणी लिहिलं? तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "जपून जा, बाबा."

आठव्या दिवशी भर दुपारी डोंगरावर ढग फुटला. खाली गावात ऊन होतं. बार काही झाला नाही. म्हातारा वरून दोन कोस ओरडत धावत आला, पण नदीच्या आवाजापुढे त्याचा आवाज तो कितीसा! तो पोचला तेव्हा अर्धं बेट पाण्यात गेलं होतं. माणसांनी उड्या टाकून मिळतील तेवढी गुरं ओढून आणली. अकरा जनावरं वाहून गेली. त्यांत सासऱ्यांची दुभती म्हैस होती.

म्हातारा काठावर बसला होता. त्याचा घसा पार बसला होता. सासऱ्यांपुढे हात जोडून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मालक, माफी करा. आमची बंदूक फुटली होती. दुसरी घ्यायला पैसे कमी पडले."

"अरे, भिंतीवर दहा बंदुका आहेत की!" सासरे ओरडले.

"सगळ्यांच्या किमती विचारल्या, मालक. या लेकीनेच वाचून सांगितल्या."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. त्या दिवशी गावाने पहिल्यांदा तिचा आवाज नीट ऐकला.

"त्यातली देखणी पाटी आमची होती, बाबा. शिकारीचं मी लिहिलं. खोटं लिहिलं. ती बंदूक तीन होनांची आहे. मला ठाऊक होतं."

म्हातारा रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललीस, लेकी?"

सासरे पायांखालच्या चिखलाकडे बघत होते. तेली आणि सोनार गर्दीतून मागच्या मागे निघून गेले.

सासऱ्यांनी स्वतः माळ्यावर चढून बंदूक काढली आणि म्हाताऱ्याच्या खांद्याला लावली. म्हाताऱ्याने पाच होन पुढे केले. त्या घरातल्या एकाचाही हात ते घ्यायला पुढे झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर बंदुकीची एकही पाटी नव्हती, आणि त्या कोणी उतरवल्या हे कोणी कोणाला विचारलं नाही.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही लक्षात ठेवावं: कोणी न दिलेली किंमत ही किंमतच नव्हे, आणि हे ठाऊक असून जो गप्प बसतो तोही खोटं बोलणाऱ्याइतकाच दोषी असतो.