बिननावाची वाडी आणि टुपकी बेडकी

बसलात का मांडीवर? मग ऐका.

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. एवढीश्शी! घरं मोजून चार. एका घरी पहार, एका घरी तवा, एका घरी जातं, एका घरी हातोडा. ज्याला जे हवं, ते त्यानं शेजारी मागावं. वाडीला सरपंच नव्हता. शाळा नव्हती. नावसुद्धा नव्हतं!

वाडीच्या झऱ्याखाली एक डबकं होतं. त्यात राहायची टुपकी बेडकी. एके दिवशी शेळ्या आल्या उड्या मारत. वरून दगड सुटला. गडगड गडगड... धप्प! पाण्याची वाटच अडली. डबकं लागलं आटायला. टुपकीला रडूच आलं.

"दगडा दगडा, हल ना!"

"आधी पहार लाव, मग हलेन."

टुणुक टुणुक टुपकी गेली भिवाकाकाकडे.

"काका काका, पहार उचल ना! दगड हलेना, पाणी येईना, मी राहू कुठे?"

"पोटात कावळे ओरडतायत गं. आधी भाकरी, मग पहार."

टुणुक टुणुक टुपकी गेली यमुनाकाकूकडे.

"काकू काकू, भाकरी थाप ना! काका उठेना, दगड हलेना, पाणी येईना, मी राहू कुठे?"

"डब्यात पीठच नाही बाई. आधी पीठ, मग भाकरी."

टुणुक टुणुक टुपकी गेली हौसामावशीकडे.

"मावशी मावशी, दळण दळ ना! काकू थापेना, काका उठेना, दगड हलेना, पाणी येईना, मी राहू कुठे?"

"जात्याचा खुंटा निघालाय. आधी खुंटा, मग पीठ."

टुणुक टुणुक टुपकी गेली म्हादूआबाकडे.

"आबा आबा, खुंटा ठोक ना! मावशी दळेना, काकू थापेना, काका उठेना, दगड हलेना, पाणी येईना, मी राहू कुठे?"

"मांडीवर बाळ आहे. खाली ठेवलं की भोकाड पसरतं. आधी ते हसू दे, मग खुंटा."

"बाळा बाळा, हस ना! आबा ठोकेना, मावशी दळेना, काकू थापेना, काका उठेना, दगड हलेना, पाणी येईना, मी राहू कुठे?"

बाळ म्हणालं, "ट्यॅहँ! ट्यॅहँ!"

आता कुणाकडे जायचं? चार घरं झाली. वाडी तर संपली!

टुपकीनं डोळे पुसले. गाल फुगवले. एवढे... एवढे... एवढे मोठे!

"डर्रांव!"

बाळ गप्प.

"डर्रांव डर्रांव!"

बाळ खुदकन हसलं!

बाळ हसलं, आबा उठला. ठक ठक! खुंटा बसला.
मावशी दळायला लागली, घर्र घर्र!
काकूनं भाकरी थापली, थप थप!
काकानं भाकरी खाल्ली, मचमच मचमच! मग उचलली पहार. हैश्शा!
दगड हलला. गडगड गडगड!
पाणी आलं. खळखळ खळखळ!
आणि टुपकी? डुबुक!

पुढे बाळ बोलायला लागलं. पहिला शब्द 'आई' नाही. 'आबा' नाही. पहिला शब्द, "डलांव!" सगळे हसून हसून लोळले. तेव्हापासून वाडीला नाव पडलं, डरांववाडी.

आता तिथे घरं खूप झाली आहेत. सरपंच अजून नाही. पण दरवर्षी सगळे मिळून झरा साफ करतात. मग घागरी घेऊन थांबतात. पहिली घागर कुणीच भरत नाही. सगळे डबक्याकडे बघतात. शू... ऐका...

"डर्रांव!"

हं, भरा आता!