न वाचलेली पत्रं

“पण अक्का, तक्रार करूनही ती थांबत का नाहीत?”

कृष्णाक्का मठाच्या ओसरीवर वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय थांबत नाही?”

“स्पॅम. नको असलेली पत्रं.”

विश्राम कानडे तंत्रनिकेतनात तीस वर्षं संगणक शिकवून निवृत्त झालेला. दीक्षा घेतल्यावर मठाची ईमेल त्यानं आपणहून अंगावर घेतली होती. फुकटचं खातं, पण ते तो देवघरासारखं लखलखीत ठेवी. रोज सकाळी तक्रारीचं बटण दाबायचं, स्पॅमची पेटी रिकामी करायची, मग चहा.

“आज ज्याची तक्रार करावी, तो उद्या नव्या पत्त्यावरून येतो. कंपनीला कळवलं तर यंत्राचं ठरावीक उत्तर येतं. फुकटच्या खात्याला कोण विचारतो?”

“तू वाचतोस ती पत्रं?”

विश्राम हसला. “पहिली ओळ पुरते, अक्का. एवढी वर्षं यातच गेली माझी.”

“आज काय आलंय?”

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. “लॉटरी लागल्याचं एक. केस उगवणारं तेल. आणि हे… अनोळखी पत्ता. मदत मागणाऱ्यांपैकीच असणार.”

त्याचं बोट बटणावर गेलं.

“ते वाच,” अक्का म्हणाल्या. “मोठ्यानं.”

त्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘अक्कांना नमस्कार. मी निर्मला साबळे, परभणी. आधीची चार पत्रं पोचली नसावीत, म्हणून भाच्याच्या पत्त्यावरून लिहिते आहे. आप्पा मागच्या सोमवारी गेले. मठात शेवटचे चार दिवस राहायची त्यांची इच्छा होती, तेवढंच विचारलं होतं. आता उत्तर नाही दिलं तरी चालेल. ते रोज विचारायचे, अक्कांचं पत्र आलं का… मी सांगायचे, अक्का आजारी आहेत.’”



अक्कांचे हात थांबले होते.

“आपली विहीर आप्पानं खणली,” त्या म्हणाल्या. “पाणी लागेपर्यंत वर जेवायलासुद्धा येत नसे.”

विश्रामला आठवलं. महिन्यापूर्वीचं पत्र. इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं मराठी. पहिली ओळ : तुमची मदत हवी आहे, लवकर कळवा. दुसरी ओळ त्यानं पाहिली नव्हती. बटण दाबलं होतं. त्यानंतर त्या पत्त्यावरून आलेलं प्रत्येक पत्र आपोआप स्पॅममध्ये गेलं, आणि रोज सकाळी त्यानं ती पेटी रिकामी केली.

त्यानं पेटी उघडली. आत काहीच नव्हतं.

 त्याला अक्कांकडे बघवेना.

“अक्का… मला क्षमा करा.”

“क्षमा माझी कशाला? मी कुठे वाट बघत होते?”

…

बऱ्याच वेळानं त्यानं टाईप करायला घेतलं. अक्कांनी वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि त्याच्याशेजारी येऊन बसल्या.

“वाच.”

“‘काही तांत्रिक अडचणीमुळे आपली पत्रं मठापर्यंत…’”

अक्कांनी हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या ओळीवर तळवा ठेवला. ओळ झाकली गेली.  त्यांनी हात काढला नाही.

विश्रामनं ओळ पुसली. मग त्यानं लिहिलं. वाचताना त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की अक्कांना कान जवळ आणावा लागला.

“‘निर्मलाताई, तुमची पत्रं पोचली होती. अक्का आजारी नव्हत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी तुमचं पहिलं पत्र एक ओळ वाचून कचऱ्यात टाकलं. बाकीची उघडलीही नाहीत. विश्राम कानडे.’”

अक्कांनी तळवा बाजूला घेतला होता.

“खाली लिहू, मठाचा व्यवस्थापक?”

“नाव पुरे.”

त्याचं बोट पुन्हा थांबलं. याच बोटानं आजवर किती जणांना बाहेर काढलं, याचा हिशोब त्याच्याकडे नव्हता.

“अक्का, त्यांनी हे उघडलंच नाही तर? माझं नाव बघून… न वाचताच टाकून दिलं तर? मला कळणारसुद्धा नाही.”

अक्का उठल्या. परात उचलली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन क्षणभर थांबल्या.

“पाठव,” त्या म्हणाल्या. “आणि आता तू वाट बघ.”