आश्विनात लावलेली झाडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडताना पाहिलेलं एकही झाड आता उरलेलं नाही.

माळरानावर एक राज्य होतं. तिथे पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि चार दिवस राहून निघून जायचा. बाकी वर्षभर ऊन आणि वारा. राजधानीपासून नदीपर्यंत तीन कोसांची वाट होती आणि त्या वाटेवर सावली म्हणून नव्हती. उन्हाळ्यात पाण्याला निघालेल्या बायका वाटेतच भोवळ येऊन पडत. दोघी तर परत उठल्याच नाहीत.

राजा मनाने चांगला होता. त्याने वाटेच्या दुतर्फा झाडं लावायचं ठरवलं. शुभ दिवस म्हणून गुढीपाडवा निवडला. ढोल वाजले, रोपं लागली, आणि ज्येष्ठ महिन्यापर्यंत सगळी करपून गेली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच.

राजाच्या बागेचा मुख्य माळी होता म्हाळोजी. चैत्रात लावलेल्या रोपाला मूळ धरायला सवडच मिळत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण मुहूर्त खुद्द राजाने काढलेला. कोण बोलणार? म्हाळोजी मान खाली घालून खड्डे खणत राही.

चौथ्या पाडव्याला गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. नदीकाठच्या वस्तीवरची गिरजाई. खडकाळ जमिनीतही तिचं परस हिरवंगार असे.

"महाराज, ही रोपं लावू नका. मरतील," ती म्हणाली.

ढोल थांबले. राजाच्या कपाळावर आठी पडली. "सणाच्या दिवशी असं बोलतेस?"

"सण माणसांचा आहे, महाराज. रोपाच्या डोक्यावर आता तीन महिन्यांचा जाळ आहे. पाऊस सरला की आश्विनात लावा. तेव्हा जमीन आतून ओली असते, ऊबही असते, आणि उन्हाला धार नसते. उन्हाळा येईस्तोवर रोप आपलं पाणी आपण शोधायला शिकतं."

राजाने म्हाळोजीकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"महाराज म्हणतील तसं," म्हाळोजी कसाबसा बोलला.

गिरजाईने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती त्याला जास्त लागली.

"ठीक आहे," राजा म्हणाला. "आश्विनात तूच लाव. रोपं जगली नाहीत, तर तुला हे राज्य सोडावं लागेल. म्हाळोजी, हिच्या कामावर तू लक्ष ठेव."

आश्विन आला. गिरजाईने कडुनिंब, करंज आणि वडाची गुडघाभर रोपं निवडली. म्हाळोजीने राजबागेतली उंच रोपं देऊ केली, तर ती हसली. "उंच रोपाला पानं फार आणि मुळं थोडी, माळीबुवा. या मातीत लहानच बरं."

तिने प्रत्येक रोपाभोवती रुंद आळं केलं, त्यात पाचोळ्याचा जाड थर घातला, आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून बाभळीचे काटे लावले. म्हाळोजी मायेने रोज पाणी घालू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला. "रोज वरवर पाजलंत, तर मुळं वरच बसून राहतील. आठ दिवसांनी द्या, पण पोटभर द्या. आणि बुंध्याशी नको, थोडं लांब."

तीस वर्षं माळीकाम केलेला तो माणूस तिच्या मागे मागे शिकत फिरू लागला.

माघ आला तरी रोपं बोटभरही वाढली नव्हती. निंबाची पानंही झडली. लोक त्या वाटेला काठ्यांचा रस्ता म्हणू लागले. एके दिवशी राजा घोड्यावरून आला आणि संतापला.

"उपटून टाका हे सगळं! आणि या बाईला सीमेबाहेर नेऊन सोडा."

गिरजाईने वाकून जवळच्या आळ्यातला पाचोळा सारखा केला.

म्हाळोजी घोड्यासमोर जाऊन उभा राहिला. "थांबा, महाराज. चुकलो तो मी. चैत्रातली रोपं मरणार हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. आज बोलतो. ही रोपं जिवंत आहेत."

त्याने कुदळ घेतली आणि एका निंबाच्या कडेने हलक्या हाताने खणायला सुरुवात केली. हातभर खणलं, तरी मूळ खालीच चाललेलं. कमरेइतकं खणलं, तेव्हा कुठे त्याचं टोक सापडलं. राजा घोड्यावरून उतरला. त्याने खड्ड्यात हात घातला. तळाची माती गार आणि ओलसर होती.

मग तो म्हाळोजीकडे वळून म्हणाला, "इतकी वर्षं का गप्प बसलास?"

"भीती वाटली, महाराज."

"तशी भीती मीच घातली असणार," राजा म्हणाला, आणि हात जोडून त्याने गिरजाईची क्षमा मागितली.

खणून उघडं पाडलेलं ते एक रोप मात्र वाचलं नाही. बाकीच्यांना चैत्रात तांबूस पालवी फुटली. वैशाख गेला, ज्येष्ठ आला, आणि ती हिरवीच राहिली.

अशाच एका भर दुपारी नदीवर निघालेली एक बाई थकून थांबली. तिने काटे जरा बाजूला सारून कडेवरचं तान्हं बाळ कमरेएवढ्या वाढलेल्या करंजाच्या रोपाखाली निजवलं. सावली सुपाएवढीच होती, पण बाळाला पुरली. म्हाळोजी उन्हात उभा राहून पाहत होता, आणि शेजारी उभ्या गिरजाईला वाकून नमस्कार करताना त्याला स्वतःच्या मोठेपणाची आठवणही राहिली नाही.

रोप असो वा माणूस, त्याला आधी मूळ धरू द्यावं. उंची मागाहून मोजावी.