भिवराआत्याची अकरा मांजरं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते कोणालाच सांगता येत नाही. पण बोरजळच्या वेशीतला वड तेव्हा माणसाच्या कमरेला लागत होता, असं म्हणतात. आज त्या वडाखाली दोन ट्रॅक्टर उभे राहतात. तेव्हा धरा हिशेब.

त्या काळी ज्वारी घरात ठेवत नसत, जमिनीच्या पोटात ठेवत. तीन पुरुष खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. याला पेव म्हणतात. बोरजळची पेवं लिंपायचं काम भिवराआत्याकडं होतं. ती कुंभाराघरची लेक. कोवळ्या वयात कपाळ पुसून माहेरी आली, ती सगळ्या गावाची आत्या झाली. तिनं लिंपलेल्या पेवात मुंगीसुद्धा शिरत नसे, असं म्हणतात. मी म्हणतो, मुंगी शिरत असेल. उंदीर मात्र शिरत नसे, कारण आत्याकडं अकरा मांजरं होती.

अकरा मांजरं एका घरात म्हणजे लोकांच्या दृष्टीनं वेड्यांचा बाजार. पण आत्याला एकेकाची नाडी ठाऊक. कवडी नावाची मांजर खापरीतलंच पाणी प्यायची, पितळीतलं हुंगायचीसुद्धा नाही. गजी उतरंडीतल्या रिकाम्या मडक्यात झोपायची आणि दुसरं कोणी त्यात बसलं की दिवसभर रुसायची. आणि सुभेदार नावाचा एक कानतुटका बोका होता. तो घास खाण्याआधी तोंड अर्धवट उघडून असा काही वास घ्यायचा, की जणू सासऱ्यानं जेवणाला नावं ठेवावीत.

मांजरानं गवत खाल्लं तर पोट साफ करायचंय, अंग चाटायचं सोडलं तर दुखणं आहे, डोळ्यावर कोपऱ्यातून पडदा चढला तर दुखणं जुनं आहे, हे सगळं आत्यानं बघून बघून शिकलेलं. ओठ वर करून ती हिरडी बघायची आणि रंगावरून सांगायची. दूध ती मांजराला देतच नसे. "दुधानं त्यास्नी हगवण लागती," म्हणायची. लोक हसायचे. मांजराला दूध नको म्हणणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

पण हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. तिची पहिली मांजर उदी. उदी एकदा चुलीमागं जाऊन बसली. आत्यानं हाक मारली की "म्यांव" करायची. तीन दिवस आत्या हाक मारत होती आणि उदी उत्तर देत होती. आत्याला वाटलं, बरी आहे. चौथ्या दिवशी उदी गेली. आत्या आठ दिवस पेव लिंपायला गेली नाही, धड जेवली नाही. मग म्हणाली, "ती व्हय म्हणत हुती, अन् म्या व्हय ऐकलं. आवाज न्हाई ऐकला." त्या दिवसापासून आत्या उत्तर ऐकत नसे, आवाज ऐकत असे.

मग तो दुष्काळ आला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नदीत वाळू तापायला लागली. गावातली पेवं एकामागून एक रिकामी झाली आणि शेवटी उरलं गावपेव. नऊ वर्षांपूर्वी भरून बंद केलेलं, सगळ्या गावाचं मिळून एक. ते उघडायचं ठरलं.

गावपेव उघडायचा बोरजळचा एक रिवाज होता. मुहूर्तावर तोंड फोडायचं, नारळ वाढवायचा आणि त्याच घटकेला घरंदाज तरुणानं आत उतरून पहिली टोपली भरायची. मुहूर्त टळला तर धान्य लाभत नाही, अशी समजूत. त्या वर्षी मान रायाजी पाटलाच्या जयवंताचा होता. पाटलाचा एकुलता एक लेक. चार महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, अंगाची हळदसुद्धा अजून उतरली नव्हती.

तोंड फोडलं. नारळ वाढवला. सगळं गाव रिकाम्या टोपल्या घेऊन गोलाकार उभं होतं. आत्याबरोबर तिची अकरा मांजरंही आली होती, कारण पेव उघडलं की आधी ती आत उड्या घ्यायची. हा तर त्यांचा सण. पण त्या दिवशी सुभेदार काठापर्यंत गेला, तोंड अर्धवट उघडून वास घेतला आणि उलट्या पावली मागं आला. त्याच्यामागं गजी मागं आली, कवडी मागं आली. अकराच्या अकरा मांजरं पेवाकडं पाठ करून बसली, असं म्हणतात.

आत्या पुढं झाली. "पाटील, आत वंगाळ वाफ हाय. तीन दिस उघडं ठिवा. आज कुणी उतरू नका."

"मुहूर्त मांजरानं ठरवायचा का आता, आत्या?" पाटील म्हणाला. "लोकं उपाशी हायती."

"उपाशी माणूस चार दिस जगतं. वाफंत गेलेलं चार घटका बी न्हाई."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी आडवी आली, मांजर आडवं गेलं त्यातली गत." जयवंत हसला. त्यानं शिडी सोडली.

आत्याला कळलं, हा ऐकणार नाही. तिनं लिंपणाच्या पाट्या वर ओढायचा आपला दोर काढला आणि जयवंताच्या कमरेला बांधला. गावपेवात दोर बांधून उतरणं म्हणजे भित्रेपणा. पण आत्यानं त्याला अंगाखांद्यावर खेळवला होता, म्हणून त्यानं बांधू दिला. दोराचं टोक आत्यानं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

जयवंत उतरला. खालून आवाज आला, "ज्वारी चांगली हाय!" लोक हरखले. बायकांनी पदर डोळ्याला लावले.

थोड्या वेळानं पाटलानं वाकून विचारलं, "बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय," खालून आवाज आला. "टोपली सोडा."

आत्या म्हणाली, "वढा."

पाटील वळला. "अगं, बरा हाय म्हणतोय की त्यो."

"माझी उदी बी आसंच म्हणत हुती," आत्या म्हणाली. "वढा."

कोणी हललं नाही. तेव्हा त्या साठीच्या बाईनं काठाच्या दगडाला टाचा लावल्या आणि एकटीनं दोर ओढायला घेतला. मनगटातून रक्त आलं. खाली आता काहीच आवाज नव्हता. तेव्हा कुठं पाटलानं दोराला हात घातला, मग सगळ्या गावानं घातला.

जयवंत वर आला तो ओल्या पोत्यासारखा. आत्यानं त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. जांभळ्या पडल्या होत्या. तिनं त्याला वाऱ्याच्या तोंडाशी आडवा केला, बायकांकडून सूप घेतलं आणि पाखडावं तसा वारा घालत राहिली. किती वेळ, ते कोणी मोजलं नाही. सूर्य कासराभर सरकला, असं म्हणतात. मग जयवंताची छाती हलली. त्याची बायको तोवर पुतळ्यासारखी उभी होती, ती आता रडली.

मुहूर्त तर टळलाच. उपाशी गाव तीन दिवस पेवाभोवती बसून राहिलं, पण शिडीला कोणी हात लावला नाही. आत्यानं कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून पेवात वरखाली हलवायला लावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार उठला, काठावर गेला, वास घेतला आणि शिडीवरून सरळ आत उतरला. बाहेर आला तो तीन दिवसांत आत शिरलेला उंदीर तोंडात घेऊन, आणि तो त्यानं जयवंताच्या पायाशी ठेवला.

पाटलानं डोक्यावरची पगडी काढून आत्यासमोर ठेवली. आत्या काही बोलायच्या आत सुभेदार त्या पगडीत जाऊन गोल झाला आणि झोपला. तो उठेपर्यंत पाटील बोडका उन्हात उभा होता. कोणी हसलं नाही.

ती ज्वारी अकरा महिने पुरली. एकेका मांजराच्या नावानं एकेक महिना, असं म्हणतात. बाराव्या महिन्यात पाऊस आला. आत्या पुढं पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा मांजरं तिरडीमागून रांगेनं नदीपर्यंत आली, असंही म्हणतात. मांजर रांगेनं चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही आत्याची मांजरं होती.

आता पेवं बुजली. पण बोरजळात आजही विहिरीचा गाळ काढायचा असो, हौद असो की गोबरगॅसचा खड्डा, तोंड उघडून तीन दिवस थांबतात. मग कमरेला दोर बांधूनच माणूस उतरतो, आणि वर दोर धरायचा मान बाईचा. मांजराला दूध कोणी घालत नाही. दारोदार खापरीत पाणी असतं. शेजारच्या गावचे हसतात. हसू देत. त्यांच्या खड्ड्यांनी माणसं ठेवून घेतली आहेत, आमच्या एकाही खड्ड्यानं नाही.

आणि आमच्याकडं एखादा गडी तापानं फणफणलेला असतो, भिंतीकडं तोंड करून पडतो आणि म्हणतो, "मला काय झालंय? बरा हाय मी." तेव्हा घरातली बाई त्याच्याशी वाद घालत नाही. ती नुसती दाराकडं बघून हाक देते, "वढा गं याला," आणि दवाखान्यासाठी गाडी जुंपली जाते.