अंगठी आली, माणूस आला नाही

एका राज्यात, जिथे डोंगरांच्या सावल्या भर दुपारीही लांब पडत, तिथे धवलसेन नावाचा राजा राज्य करी. राजेलोकांना छंद असायचेच. कुणी हत्ती झुंजवतो, कुणी उगाच शेजाऱ्याच्या कुरापती काढतो. धवलसेनाला नाद होता जुन्या शिपायांच्या अंगठ्यांचा.

त्या राज्याची रीत अशी होती. शिपाई लढाईला निघाला की घरची बाई उंबऱ्यावर त्याच्या बोटात लोखंडी अंगठी घाली. तो परतला की तिनेच ती उतरवायची. नाही परतला, तर सोबत्याने अंगठी आणून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि म्हणायचे, "अंगठी आली, माणूस आला नाही." मग अंगठी उंबऱ्याखाली पुरत, घर पोटभर रडे, आणि मेलेला आपल्या वाटेने मोकळा होई.

राजाने ही रीत मोडली. पडलेल्यांच्या अंगठ्या आधी राजवाड्यावर आणाव्यात, असा त्याने सेनापतीला हुकूम केला. फिरस्ते जुनी रणे उकरून अंगठ्या आणत, त्याही तो मागतील त्या भावाने घेई. दालनभर खिळ्यांना अंगठ्या टांगल्या होत्या. पाहुणे आले की तो हौसेने दाखवी: ही घोरखिंडीतली, ही नदीकाठच्या लढाईतली. कुणाची, हे मात्र त्याला ठाऊक नसे, आणि कुणी विचारीतही नसे.

एका संध्याकाळी घोरखिंडीतली एक अंगठी त्याच्या हाती आली. तिच्यावर बारीकशी मासोळी कोरली होती. राजाला मोह आवरला नाही. त्याने ती बोटात घातली आणि ती निघेना. तेल लावले, तूप लावले, सोनार बोलावला. सोनाराची कानस झिजली, अंगठी तशीच राहिली.

दुसऱ्या सकाळी राजाचा लाडका कुत्रा त्याच्यावर गुरगुरला. दुपारी द्वारपालाने भाला आडवा धरला. सांजेला राणी कनकवतीने त्याला पाहिले आणि दासीला विचारले, "हे गृहस्थ कोण?" धाकटी राजकन्या आईच्या पदराआड लपली. राजाने आरशात पाहिले. आत एक तरुण शिपाई होता, हनुवटीवर वण असलेला. भालदारांनी राजाला त्याच्याच वेशीबाहेर काढले.

वेशीच्या बुरुजावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "राजा, तुझ्या बोटात दुसऱ्याचे घर अडकले आहे. अमावास्येच्या आत उतरले नाही, तर तू त्यांच्यात उभा राहशील."

"कुणांत?"

"मागे बघ."

राजवाड्याला वेढा घालून शिपाई उभे होते. ओळींमागे ओळी, तोंडे अंगठ्यांच्या दालनाकडे, मोकळी बोटे पुढे केलेली. त्यांच्या पायांखाली गवत वाकत नव्हते. रोज दिवेलागणीला राजा त्याच दालनात बसे, पण त्याने कधी खिडकीबाहेर पाहिले नव्हते.

"उपाय सांग," तो म्हणाला.

"घोरखिंडीच्या विहिरीला नाव विचार. त्या नावाने इथल्या रांगेत हजेरी दे. मग अंगठी ज्या दाराची, त्या दारात जे सांगायचे राहिले ते सांग."

राजा खिंडीत गेला. विहिरीत वाकला तर पाण्यात तोच वणाचा चेहरा होता. "तुझे नाव काय?" राजाने विचारले. चेहरा म्हणाला, "सांगतो. तुझे इथे ठेवून जा." राजाने आपले नाव विहिरीत उच्चारले. ते दगडासारखे बुडाले आणि राजाला पुन्हा आठवेना. मग पाणी बोलले, "रायाजी. काळवट गावच्या गिरजेचा लेक."

सांज होता होता तो रांगेत जाऊन उभा राहिला. गळ्यावर जखम असलेला नाईक हजेरी घेत होता. "रायाजी!" त्याने पुकारले. राजा म्हणाला, "हजर." मेलेल्यांनी वाट दिली. तो काळवटकडे चालू लागला, तेव्हा त्याच्या मागून आणखी दोन पावले वाजू लागली. राजाने मागे पाहिले नाही. धीरच झाला नाही, खरे सांगायचे तर.

गिरजा दारातच बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि उठलीच.

"रायाजी! किती रे उशीर केलास! ये, आत ये. भाकरी गरम आहे."

साऱ्या राज्यात त्याला ओळखणारे हे एकच माणूस होते. त्याला नाव नव्हते, घर नव्हते, आणि इथे भाकरी गरम होती. नुसते "हो, आई" म्हटले असते तरी भागले असते. म्हातारी सुखाने मेली असती. त्याचा पाय उंबऱ्याशी आला. मागची पावले थांबली.

राजाने पाय मागे घेतला.

"आई, अंगठी आली. माणूस आला नाही."

गिरजा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा वण पुसला गेला आणि तिच्यापुढे कुणी परका, पिकल्या मिशांचा पुरुष उभा राहिला. तिने त्याचा हात धरला. अंगठी अलगद उतरली. मग ती रडली, इतक्या वर्षांचे एकदम. त्याच्या बाजूने काहीतरी गार सरकून घरात गेले, चुलीपाशी क्षणभर टेकले आणि परसातून निघून गेले.

राजाला आपले नाव आठवले. राजवाड्यावर कुत्रा त्याच्या अंगावर झेपावला, राजकन्या गळ्यात पडली. पण खिडकीबाहेर ओळी तशाच उभ्या होत्या, त्यांत एक जागा तेवढी रिकामी होती. राजाने साऱ्या अंगठ्या खिळ्यांवरून काढून झोळीत भरल्या.

कनकवतीने उंबऱ्यावर त्याला अडवले. तिच्या हातात साधी लोखंडी अंगठी होती. ती त्याच्या बोटात घालून ती म्हणाली, "ही उतरवायला मी इथेच आहे."

राजा विहिरीला नावे विचारीत दारोदार हिंडला. कुठे आई होती, कुठे नातू, कुठे नुसता पडका उंबरा. प्रत्येक दारात त्याने तेच शब्द म्हटले. कुणी त्याला शिव्या दिल्या, त्याने त्या ऐकून घेतल्या. दर सांजेला राजवाड्याभोवतीची एकेक ओळ विरळ होत गेली.

गवत पुन्हा वाऱ्याने नुसते हलू लागले, त्या दिवशी तो परतला. केस पांढरे, पायांना भेगा. स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने हात पुढे केला.

"राणी, अंगठी आली," तो म्हणाला. "माणूसही आला."